तीन महिने पिन हललीच नाही

भांडुपच्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देते.

"वय ४७, फोर्टला अकाउंट्समध्ये नोकरी. सकाळी आठच्या आत लोकल पकडते, घरी यायला संध्याकाळचे साडेसात-आठ होतात. तपासण्या केल्या तेव्हा हाडांची घनता थोडी कमी निघाली, साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, नुसतं चालणं पुरणार नाही, वजनाचा व्यायाम सुरू करा. स्टेशनजवळच्या जिममध्ये नाव घातलं. ट्रेनरने सहा मशीन्स दाखवली, प्रत्येकावर वजन ठरवणारी पिन तिसऱ्या प्लेटला लावून दिली आणि म्हणाला, 'मॅडम, लेडीजना मशीनच सेफ.' तेव्हापासून तेच करतेय, पंधराचे तीन सेट. मुलगा इंजिनीअरिंगला आहे, तोही जिमला जातो. तो म्हणतो, 'आई, मशीन म्हणजे टाइमपास. फ्री वेट, म्हणजे सुटी वजनं कर, नाहीतर फी वाया घालवू नकोस.' ट्रेनरला विचारलं तर म्हणतो, रॉड (टोकांना प्लेटा लावायचा लांब दांडा) शिकायचा असेल तर पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनिंग घ्या, सहा महिन्यांचं पॅकेज. आणि खरं सांगायचं तर डंबेलच्या कोपऱ्यात सगळी तरुण मुलं असतात, तिकडे पाऊल वळत नाही. माझी उंची चार फूट अकरा इंच. पूल उतरताना उजवा गुडघा दुखतो. तीन महिने झाले, फारसा फरक वाटत नाही. मशीन करू की वजनं?"

ताई,

दोन्ही करा, पण क्रम ठरवून. अंगात दम ताजा असतो तेव्हा दोन-तीन व्यायाम डंबेलचे, आणि मग उरलेला जोर मशीनवर काढायचा. कुठल्या दिवशी काय, हे पुढे सांगतेच. त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मला थांबायचंय. तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात: पिन तिसऱ्या प्लेटला लावून दिली, तेव्हापासून तेच करतेय.

तीन महिने पिन एकाच भोकात आहे. फरक न वाटण्याचं कारण तिथेच आहे. तुमच्या जागी मुलगा असता आणि त्याने तीन महिने पाच-पाच किलोचे तेच डंबेल हलवले असते, तर त्यालाही फरक वाटला नसता. स्नायूला वजन लोखंडी रॉडचं आहे की केबलला बांधलेलं, हे कळत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की आज आपल्याकडून नेहमीपेक्षा जास्त मागितलं गेलं का. पहिले सहा-आठ आठवडे जी ताकद वाढते ती बरीचशी मज्जातंतूंच्या शिकण्यामुळे वाढते, म्हणजे आहे तोच स्नायू जास्त नीट वापरायला शरीर शिकतं. ते शिकून झालं की तेवढ्याच वजनाने पुढे काही मागितलं जात नाही. तुम्ही पंधरा करून थांबता. कुणी मोजायला सांगितलं तर तीससुद्धा होतील अशी माझी खात्री आहे.

तेव्हा पहिलं काम उद्याच करा. पुढच्या वेळी प्रत्येक मशीनवर पिन एकेक खाली सरकवत असं वजन शोधा, की आठ-दहा वेळा झाल्यावर हालचाल आपोआप संथ होईल आणि मनात येईल, आता नीट पद्धतीने अजून दोन-तीनच जमतील. तिथे थांबायचं. ते तुमचं वजन. दर खेपेला त्याच वजनावर एखादा रेप, म्हणजे एक आवर्तन, वाढवायचा. आठाचे बारा झाले, तेही तिन्ही सेटमध्ये, की पिन एक भोक खाली आणि मोजणी पुन्हा आठपासून. बऱ्याच मशीन्सवर प्लेट पाच किलोंची असते. १५ वरून २० वर जाणं म्हणजे एकदम तिसऱ्या हिश्श्याची वाढ, म्हणून आधी रेप वाढवायचे आणि मग वजन. हे सगळं एका छोट्या वहीत लिहा. तुम्ही अकाउंट्समधल्या आहात, खातं कसं ठेवायचं हे मी तुम्हाला काय सांगणार.

आता मुलाच्या बोलण्याकडे येते, कारण तो निम्मा बरोबर आहे.

जोर सारखाच लावला तर स्नायू मशीनवरही तेवढाच भरतो आणि वजनांवरही. या दोन्हींची तुलना करणारे बरेच अभ्यास झालेत आणि स्नायूंच्या वाढीत त्यांना फारसा फरक सापडलेला नाही. म्हणजे 'मशीन म्हणजे टाइमपास' हे चूक. पण ताकदीचं गणित वेगळं आहे. ताकद ज्या हालचालीत कमावली त्या हालचालीत सगळ्यात जास्त दिसते. लेग प्रेसवर पाय दाबायची ताकद लेग प्रेसवर उत्तम दिसेल, पण पाण्याचा २० लिटरचा जार जमिनीवरून उचलताना ती अर्धीमुर्धीच कामाला येईल, कारण तिथे पाठ टेकायला गादी नसते आणि जार रुळावरून वर येत नाही. तोल तुम्हालाच सांभाळायचा असतो. घरगुती गॅसच्या सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, रिकाम्या टाकीचं वजन जवळपास तेवढंच किंवा थोडं जास्त, म्हणजे भरलेला सिलेंडर तीसेक किलोंचा. गावाला जाताना बॅग वरच्या बर्थवर टाकायची असते. पावसाळ्यात एका हातात छत्री नि पर्स, दुसऱ्यात भाजीची पिशवी घेऊन ओला जिना उतरायचा असतो. तुम्हाला ताकद हवीय ती इथे. म्हणून सुट्या वजनांचे दोन-तीन व्यायाम यायलाच हवेत, त्याला पर्याय नाही.

मग मशीन कशाला? कारण मशीन तोलाची जबाबदारी स्वतःकडे घेतं. तुम्ही एकट्या, मागे सपोर्टला कुणी नाही, आणि तरीही शेवटच्या रेपपर्यंत जीव तोडून जोर लावता येतो. फार तर प्लेटा खाली आदळतील, अंगावर काही पडणार नाही. जिने आयुष्यात कधी ठरवून जोर लावलेला नाही, तिला 'जोर म्हणजे काय' हे शिकायला याहून चांगली जागा नाही. मुळात ही यंत्रं आली तीच वैद्यकीय गरजेतून. स्टॉकहोममध्ये १८६५ साली गुस्ताव झांडर या डॉक्टरने अशा यंत्रांची संस्था सुरू केली, रुग्णांना मोजूनमापून वाढवता येईल असा व्यायाम देता यावा म्हणून. तेव्हा मशीन ना बायकांचं, ना आळशी माणसांचं. मुलाला हे सांगा.

मात्र मशीनची एक अडचण आहे आणि तुमच्या बाबतीत ती मोठी आहे: तुमची उंची. जिममधली बहुतेक मशीन्स तुमच्याहून उंच, लांब पायांच्या माणसाच्या मापाने बनलेली असतात. सीट सगळ्यात खालच्या खाचेत, किंवा ट्रेनरने लावली त्याच खाचेत ठेवून तुम्ही बसत असाल तर हालचाल तुमच्या सांध्यांशी जुळत नाही, आणि न जुळलेलं मशीन सांध्याला त्याच्या वाटेने ओढतं. सुट्या वजनात हात आपली वाट आपण शोधतो, इथे ती सोय नाही. म्हणून दर वेळी बसल्यावर आधी बघायचं. लेग एक्स्टेन्शन (पाय पुढे सरळ करायचं) आणि लेग कर्लला (पाय मागे दुमडायचं) मशीन जिथून फिरतं तो कणा गुडघ्याच्या सांध्याच्या बरोबर रेषेत हवा. त्यासाठी पाठीची गादी पुढे सरकवावी लागेल, सरकत नसेल तर पाठीमागे एक जाड फोमचा तुकडा. चेस्ट प्रेसचे, म्हणजे समोर ढकलायच्या मशीनचे, हँडल छातीच्या मधोमध यायला हवेत, खांद्यांच्या रेषेत आले तर सीट वर घ्या. सीट वर घेतल्यावर पाय लोंबकळतात, मग पायाखाली दोन प्लेटा किंवा स्टेपर ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही. लॅट पुलडाउनला, म्हणजे वरचा दांडा खाली ओढायच्या मशीनला, मांडीवरची गादी घट्ट बसली पाहिजे, नाहीतर वजन वाढल्यावर तुम्हीच वर उचलल्या जाल. आणि लेग प्रेसला गुडघे छातीकडे आणताना ढुंगण गादीवरून सुटून वर वळायला लागलं की समजायचं, आज इथपर्यंतच. त्याच्याखाली गेलात तर भार कमरेच्या मणक्यांवर येतो. ही एक चूक मी सगळ्यात जास्त पाहते, नव्यांत आणि जुन्यांतही.

मशीनवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. आत पुली कशा ओवल्या आहेत त्यावर ३० चे प्रत्यक्षात १५ होऊ शकतात. तिरक्या लेग प्रेसवर, जो ४५ अंशांत असतो, १०० किलो लावले तर घर्षण सोडून पायांवर साधारण ७० किलोच येतात. दुसऱ्या जिमच्या मशीनवर तुमचा आकडा एकदम कमी-जास्त झाला तर घाबरायचं नाही नि हुरळायचंही नाही. वहीत मशीनचं नाव आणि खाच लिहा, तुलना फक्त त्याच मशीनशी.

आता वजनं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

पहिली हालचाल तुम्हाला आधीपासून येते. आपण तिला उकिडवं बसणं म्हणतो, जिममध्ये तिला स्क्वॉट म्हणतात. एक डंबेल उभं धरायचं, वरचं तोंड दोन्ही तळव्यांत, छातीशी चिकटवून. पाय खांद्यांएवढे लांब, पावलं थोडी बाहेर. मागे एक बेंच ठेवा. सावकाश त्यावर टेकायचं, अंग सैल सोडायचं नाही, आणि उठायचं. पाच किलोंनी सुरू करा. छातीशी धरलेलं वजन समोरून तोल सांभाळतं, त्यामुळे पाठ आपोआप सरळ राहते. नुसत्या हाताने बसताना मागे पडल्यासारखं होत असेल तर या वजनाने उलट सोपं वाटेल. गुडघे पावलांच्या पुढे गेले तर ओरडणारे ट्रेनर असतात. थोडे गेले तर जाऊ द्या, जिना उतरतानाही ते जातातच. फक्त गुडघे आत, एकमेकांकडे पडू द्यायचे नाहीत.

दुसरी हालचाल वाकण्याची, आणि इथे आपली भाषाच आडवी येते. लहानपणापासून आपण ऐकतो, 'कमरेतून वाक.' कंबर म्हणजे कुठे? हात ठेवून दाखवा म्हटलं तर जवळजवळ प्रत्येक बाई मणक्याच्या खालच्या भागावर हात ठेवते. आणि तिथूनच वाकते. वाकायचा सांधा तो नव्हेच. वाकायचा सांधा खुबा, जिथे मांडी धडाला जोडली जाते. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू त्याच्या मागे आहेत आणि आपण त्यांना सोडून मणक्यांना कामाला लावतो. घरी शिका. भिंतीकडे पाठ करून एक पाऊल पुढे उभ्या राहा. गुडघे जरासे सैल. दोन्ही हातांच्या कडा मांड्यांच्या वरच्या घडीत दाबून ठेवा आणि ढुंगण मागे ढकलून भिंतीला लावा, जसं हातात सामान असताना आपण दार मागून ढकलतो तसं. छाती खाली येईल, पण पाठ फळीसारखी राहील. मांडीच्या मागे ताण जाणवला की बरोबर. रोज दहा वेळा, दोन आठवडे. मग दोन्ही हातांत पाच-पाच किलोचे डंबेल घेऊन तेच, डंबेल मांड्यांना घासत गुडघ्यांच्या थोडं खालपर्यंत. याला रोमानियन डेडलिफ्ट म्हणतात. नावाला घाबरू नका. ही हालचाल जिला आली तिला सिलेंडर सरकवताना, खालच्या कपाटातून कुकर काढताना, नातवंडं झाली तर त्यांना उचलताना, सगळीकडे उपयोगी पडते.

तिसरा व्यायाम सगळ्यात सोपा: दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन चालायचं. खांदे कानांपासून दूर, पावलं छोटी, अर्धा मिनिट. कधी एकाच हातात. बाजाराच्या पिशव्यांचाच सराव आहे हा, फक्त दर दोन आठवड्यांनी पिशवी जड करायची.

हाडांबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून हे मुद्दाम सांगते. हाड जोरकस भारालाच दाद देतं. हलक्या वजनाचे पंधरा-पंधरा रेप त्याला फारसं काही सांगत नाहीत. ऑस्ट्रेलियात पाळी थांबलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या स्त्रियांवर एक प्रयोग झाला. आठवड्यातून २ वेळा, फक्त अर्धा तास, ८ महिने. डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर रॉड ढकलणं, पाच रेपचे पाच सेट, आणि वजन त्यांच्या कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वर. जोडीला उडी मारून टेकण्याचा एक व्यायाम. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुधारली. पण दोन गोष्टी विसरू नका. तज्ज्ञ माणूस सतत शेजारी होता, आणि सुरुवातीचा काळ हलक्या भारावर फक्त पद्धत शिकण्यात गेला. म्हणजे जायचं त्या दिशेने आहे, पुढच्या सोमवारी पोचायचं नाहीये. तुमचा हाडांचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून एवढं नक्की विचारा की मणक्याला पूर्वी कुठे बारीक फ्रॅक्चर झालेलं नाही ना. झालं असेल तर वाकून वजन उचलण्याचं मी सांगितलेलं सगळं आधी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या.

साखरेसाठी वेगळा व्यायाम नाही. जेवणातली साखर साठवायची सगळ्यात मोठी जागा स्नायूच. तो वापरात ठेवा आणि वाढवा.

'लेडीजना मशीनच सेफ.' या वाक्याचा मला खरोखर राग येतो. मीराबाई चानू २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो वजनी गटात उतरली आणि तिने ११५ किलो डोक्यावर उचलून दाखवले. ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री कोण, तर कर्णम मल्लेश्वरी, २००० साली सिडनीत, आणि तेही वेटलिफ्टिंगमध्ये. या देशातल्या बायकांना पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं ते रॉडवर, आणि अजूनही भांडुपच्या जिममध्ये एका कमावत्या बाईला सांगितलं जातं की रॉड तुमच्यासाठी नाही. तुमच्या ट्रेनरवर माझा वैयक्तिक राग नाही. संध्याकाळी सात ते नऊ त्या एका मुलाला तीस-चाळीस मेंबर सांभाळायचे असतात. मशीनवर बसवलं की तो पुढच्याकडे जाऊ शकतो, रॉड हातात दिला तर थांबावं लागतं. सोय त्याची आहे, आणि ती तुमच्या सुरक्षिततेच्या नावाने सांगितली जाते.

मी विशीत असताना परळच्या एका व्यायामशाळेत जायचे. आत मुद्गल होते, करेला होता, जोर-बैठकांसाठी तेलकट फळ्या होत्या, गिरण्यांच्या काळातल्या ओतीव लोखंडाच्या प्लेटा होत्या. बायकांची वेळ दुपारी तीन ते पाच. त्या वेळात मोठ्या प्लेटा साखळीने बांधून कुलूप घातलेलं असायचं. विचारलं तर उत्तर मिळायचं, तुम्हाला कशाला लागतात. त्या साखळीकडे बघत मी दोन वर्षं दोन-दोन किलोचे डंबेल हलवले. ती दोन वर्षं मला परत हवी आहेत आणि ती मिळणार नाहीत. तुमचे तीन महिनेच गेलेत.

म्हणून कोपऱ्याचं सांगते. त्या कोपऱ्याची फी तुम्ही भरलेली आहे. पहिले दोन आठवडे गर्दी नसेल अशी वेळ साधा. रविवारी सकाळी बहुतेक जिम मोकळी असते. डंबेल स्टँडवरून उचला आणि चार पावलं मागे या, स्टँडला चिकटून आरशासमोर उभं राहण्याची गरज नसते. हवं ते डंबेल कुणाच्या हातात असेल तर तिथे सगळे जे विचारतात तेच विचारा, "किती सेट राहिलेत?" बहुतेक मुलं दोन म्हणतील आणि झालं की स्वतः आणून देतील. त्या कोपऱ्यातल्या बहुतेकांना तुमच्याकडे बघायला सवड नसते, आपल्या दंडाकडे बघण्यातच त्यांचा वेळ जातो. आणि कुणी खरंच बघत असेल, बोलत असेल, तर मॅनेजरकडे तक्रार करायची, जागा सोडायची नाही.

पीटीचं सहा महिन्यांचं पॅकेज घेऊ नका. सहा-आठ सेशनचे पैसे विचारा. शक्यतो देतात, आधी नाही म्हणतात. आणि काय शिकायचं ते तुम्ही सांगा: डंबेल घेऊन बैठक, खुब्यातून वाकणं, डोक्यावर वजन ढकलणं, आणि वजन झेपलं नाही तर ते सुरक्षित खाली कसं टाकायचं. हा शेवटचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. त्याचं उत्तर ज्याला नीट दाखवता येत नाही त्याच्याकडून रॉड शिकू नका. स्मिथ मशीन पुढे केलं, म्हणजे रुळांवर सरकणारा रॉड, तर त्यावर स्क्वॉट शिकायला नम्रपणे नाही म्हणा, तोल शिकायचा आहे आणि तोच तिथे नसतो. जोर मारायला, म्हणजे पुश-अपला, मात्र ते मशीन फार छान. रॉड कमरेएवढ्या उंचीवर लावून त्यावर हात टेकून तिरके जोर काढा, दहा जमले की रॉड एक खाच खाली. असं करत वर्षभरात तुम्ही जमिनीवर जोर काढाल.

आठवडा असा लावा: बुधवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगते, तेव्हा दोन म्हणजे कमी नाही. आधी पाच-सात मिनिटं चालणं आणि बिनवजनाच्या दहा बैठका. मग डंबेलची बैठक तीन सेट, वाकण्याचा व्यायाम तीन सेट. त्यानंतर मशीनवर लॅट पुलडाउन, चेस्ट प्रेस किंवा स्मिथवरचे तिरके जोर, आणि लेग प्रेस. शेवटी वजन घेऊन चालणं. जड सेटनंतर दोन मिनिटं बसा, खुशाल बसा, ट्रेनर घाई करेल तरी. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. साधारण पन्नास मिनिटं लागतील. बुधवारी लोकल लेट झाली आणि वीसच मिनिटं उरली तर बैठक आणि वाकणं करा, बाकी सोडा.

गुडघ्याचं. उतरताना वाटीच्या आसपास दुखणं या वयात फार जणींना असतं, आणि मांडी व खुब्याची ताकद वाढली की ते बऱ्याचदा कमी होतं. व्यायामात दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी पहिल्यासारखं झालं, तर चालू ठेवा. त्याहून जास्त दुखलं तर बेंचवर एक जाड गादी टाकून बैठक उंच करा, बंद करू नका. लेग एक्स्टेन्शन सध्या बाजूला ठेवा. सूज आली, गुडघा मधेच अडकला किंवा दगा देऊन वाकला, तर मात्र ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे जा.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही पण बायका विचारत नाहीतच. वजन उचलताना किंवा शिंकताना लघवी गळत असेल, किंवा खाली जड ओढल्यासारखं वाटत असेल, तर ते सोसत राहू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. त्यासाठी फिजिओथेरपी असते आणि ती केल्यावर वजन पुन्हा उचलता येतं.

रॉडकडे कधी जायचं? छातीशी १५ किलोचं डंबेल धरून नीट दहा बैठका झाल्या की. मोठा रॉड बिनप्लेटांचाच २० किलोंचा असतो, स्त्रियांचा १५ चा. आपल्याकडच्या जिममध्ये छोटे, बारीक रॉडही असतात आणि त्यांचं वजन कुणालाच ठाऊक नसतं. रॉड घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, तुमचं वजन वजा करा, वहीत लिहा.

त्या रविवारी मुलाला बरोबर न्या. रॉड ठेवायच्या रॅकच्या दोन्ही बाजूंना आडव्या लोखंडी पट्ट्या असतात. रिकाम्या रॉडने पूर्ण बसल्यावर रॉड जिथे येतो, त्याच्या दोन बोटं खाली त्या लावायच्या. ते काम त्याला द्या. आणि मागे सपोर्टला उभा राहील तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवा, आई 'धर' म्हणेपर्यंत रॉडला हात लावायचा नाही.